हैदराबादची तार आणि आपलं वऱ्हाड

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली आणि चहा येईपर्यंत टीव्हीवरच्या बातमीचा विषय निघाला. कुठल्या तरी देशातल्या एका प्रांताचे पुढारी स्वतःच्याच सरकारविरुद्ध मदत मागायला परदेशात गेले, अशी ती बातमी होती. आमच्यातली एक वयस्क बाई म्हणाली, "घरचं भांडण शेजाऱ्याच्या ओसरीवर काहून नेतात वं ताई?" दुसरी लगेच म्हणाली, "घरात कोनी आयकत नसंल तं मंग कुठं जावं मानसानं?"

दोघींचंही मला पटलं, म्हणून तेव्हा उत्तर देता आलं नाही. घरी येऊन जुनी पुस्तकं काढली आणि लक्षात आलं की याचं उदाहरण शोधायला फार लांब जायची गरजच नाही. पैनगंगेच्या पलीकडे हे घडलेलं आहे आणि त्यात आपल्या वऱ्हाडचं नावही गुंतलेलं आहे. आज तीच गोष्ट सांगते. थोडी लांबेल, पण कापूस वेचताना ऐकण्यासारखी आहे.

सुरुवात आपल्या अडगावच्या शिवारातून करू. आकोटहून तेल्हाऱ्याकडं जाताना जे अडगाव लागतं, तेच. १८०३ सालच्या नोव्हेंबरात तिथं इंग्रजांची आणि नागपूरकर भोसल्यांची मोठी लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती होता वेलस्ली. पुढे नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. भोसले हरले. डिसेंबरात गाविलगड पडला आणि देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. तो मिळाला इंग्रजांचा दोस्त असलेल्या हैदराबादच्या निजामाला. रक्त आपल्या शेतात सांडलं आणि सातबारा तिसऱ्याच्या नावावर चढला, असं म्हणा.

पण निजामालाही तो फार दिवस सुखानं खाता आला नाही. इंग्रजांनी त्याच्या राज्यात कंटिंजंट नावाची फौज ठेवली होती आणि तिचा खर्च निजामाच्या माथी मारला होता. खर्च थकला, कर्ज वाढत गेलं. शेवटी १८५३ साली तह झाला आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. गहाणखत कसं असतं ते आपल्याला सांगायला नको. मालक कागदावर एक, वहिवाट दुसऱ्याची आणि सोडवायला गेलं की हिशेब कधी पुरा होत नाही. तसंच झालं. इथून पुढं जवळजवळ शंभर वर्षं हैदराबादचा प्रत्येक राज्यकर्ता "आमचं वऱ्हाड परत द्या" म्हणत राहिला.

हैदराबादचे दिवाण सालारजंग हुशार माणूस होता. कलकत्त्याचं सरकार ऐकत नाही म्हणून १८७६ साली ते थेट विलायतेला गेले. वाटेत पॅरिसला पाय घसरून मांडीचं हाड मोडलं, तरी गेले. लंडनमध्ये मेजवान्या झाल्या, ऑक्सफर्डच्या विद्यापीठानं पदवी दिली, मानपत्रं मिळाली. वऱ्हाड मात्र मिळालं नाही. सत्कार करून माणसाला रिकाम्या हाती परत पाठवायचं, ही पद्धत तेव्हापासूनची आहे बघा. पुढे १९०२ साली व्हाइसरॉय कर्झन यांनी वर्षाला २५ लाख रुपये देऊन वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतलं आणि नंतर मध्य प्रांताला जोडलं. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी पुन्हा मागणी केली. तेव्हा १९२६ साली व्हाइसरॉय रीडिंग यांनी पत्र लिहून सुनावलं की हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सगळ्यांच्या वर आहे आणि बरोबरीच्या नात्यानं वाद घालण्याचा अधिकार कुठल्याही संस्थानिकाला नाही.

१९३६ साली निजामाला समाधान म्हणून एक गोष्ट दिली. काय, तर नाव! त्यांनी स्वतःला "हैदराबाद आणि वऱ्हाडचे निजाम" म्हणवून घ्यावं आणि त्यांच्या मोठ्या मुलाला "वऱ्हाडचा राजपुत्र" म्हणावं. कारभार इंग्रजांकडेच. या राजपुत्राची बायको होती दुर्रूशेहवार, तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची मुलगी. १९३१ साली फ्रान्समधल्या नीस गावी त्यांचं लग्न झालं होतं. म्हणजे आपल्या आज्या-पणज्या सरकी वेचत होत्या, तेव्हा इस्तंबूलच्या राजघराण्यातली एक बाई कागदोपत्री "वऱ्हाडची राजकन्या" झाली होती. हे वाचलं तेव्हा मी एकटीच हसले. बाई मात्र शिकलेली होती, हैदराबादेत तिच्या नावाचा मुलांचा दवाखाना अजून आहे.

आता मुख्य गोष्टीवर येऊ. १९४७ साली इंग्रज निघाले. जाताना त्यांनी सांगितलं की संस्थानिकांशी केलेले आमचे तह संपले. बहुतेक संस्थानं भारतात सामील झाली. निजामानं मात्र जूनमध्येच जाहीर केलं की आपण स्वतंत्र राहणार. हैदराबाद लहान नव्हतं. सोळा जिल्हे, दीड कोटीच्या वर लोकवस्ती. आठ जिल्हे तेलुगू, पाच मराठी आणि तीन कानडी. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे ते पाच मराठी जिल्हे. राज्य चारही बाजूंनी भारतानं वेढलेलं, समुद्र कुठेच नाही. त्यासाठी पोर्तुगिजांकडून मार्मागोवा बंदर मिळवण्याची बोलणीही झाली. आणि दिल्लीशी चाललेल्या वाटाघाटींत वऱ्हाडची मागणी होतीच.

२९ नोव्हेंबर १९४७ ला एक वर्षासाठी "जैसे थे" करार झाला. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि दळणवळण पूर्वी इंग्रज सरकारशी जसं चालायचं तसं आता दिल्लीशी चालेल, असं त्यात होतं. पण दोन्ही बाजूंचा एकमेकांवर विश्वास नव्हता. हैदराबादनं पाकिस्तानला २० कोटी रुपयांचं कर्ज देऊ केलं, तेही भारत सरकारच्या रोख्यांतून. सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानानं शस्त्रं आणून उतरवत होता. उलट हैदराबादची तक्रार होती की भारतानं आपली नाकेबंदी केली, औषधंसुद्धा येऊ देत नाहीत. राज्याच्या आत रझाकार नावाची संघटना माजली होती. तिचा पुढारी कासीम रझवी लातूरचा वकील. रझाकारांनी गावं लुटली, जाळली, माणसं मारली.

माझी आजेसासू हिंगोलीकडची. तिच्या तोंडी निजामाच्या मुलखाला एकच शब्द, "मोगलाई". पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाड, पलीकडे मोगलाई. ती तेव्हा सात-आठ वर्षांची होती. रात्री बैलगाडीला घुंगरं काढून, बैलांच्या खुरांना चिंध्या बांधून ते वाशिमकडे आले, असं ती सांगायची. "माय म्हने रडू नोको, रडली तं नदीत टाकून देईन." हे वाक्य ती शेवटपर्यंत विसरली नाही. नदीच्या अलीकडे उमरखेडला हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या लोकांचा कॅम्प होता. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली निजामाविरुद्ध लढणारी मंडळी अशा सरहद्दीवरच्या कॅम्पांतून काम करत. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. घोड्यावर बसणारी, बंदूक चालवणारी ही बाई त्याच लढ्यातली.

आणि इथं एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर गोष्ट अर्धीच राहील. निजामाच्या राज्यातले सगळे मुसलमान रझाकारांच्या बाजूचे नव्हते. शोएबुल्ला खान नावाचा तरुण संपादक "इमरोज" हे उर्दू दैनिक चालवायचा. हैदराबादनं भारतात सामील व्हावं असं तो उघड लिहायचा. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना त्याला रस्त्यात गाठून मारलं, लिहिणारा हातही तोडला.

त्याच दिवसांत, २१ ऑगस्ट १९४८ ला, हैदराबाद सरकारनं संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीला तार केली. भारताशी आमचा वाद आहे, त्यात तुम्ही लक्ष घाला. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनाही मध्यस्थीसाठी विनंती केली होती, त्यांनी नकार दिला. लंडनमध्ये विरोधी पक्षाचे पुढारी चर्चिल हैदराबादच्या बाजूनं बोलले, पण ते सत्तेत नव्हते. राहिला राष्ट्रसंघ.

या तारेत नेमकी मेख काय होती ते समजून घेऊ, कारण आजही जगात कुठलाही प्रांत परदेशाचं दार ठोठावतो तेव्हा गाडी इथंच अडते. राष्ट्रसंघाच्या घटनेत एक कलम म्हणतं की एखाद्या देशाच्या अंतर्गत कारभारात राष्ट्रसंघ हात घालणार नाही. दुसरं कलम म्हणतं की राष्ट्रसंघाचा सभासद नसलेला देशसुद्धा आपला वाद समितीपुढे आणू शकतो. हैदराबादनं हे दुसरं कलम धरलं. भारताचं म्हणणं होतं की अर्ज करणारा देशच नाही. संस्थानाला स्वतःचे परराष्ट्र संबंध कधी नव्हतेच, मग ते फिर्यादी कसं होणार? म्हणजे भांडण कुणाचं खरं, कोणावर अन्याय झाला, हा प्रश्न नंतरचा. आधी प्रश्न असा की तुम्हाला दाराशी उभं राहायचा हक्क आहे का.

आपल्या गटातही हेच होतं. बँकेत कोणी बाई गेली आणि म्हणाली की मी अमक्या गटाकडून आले, खात्याचा हिशेब द्या, तर बँक विचारते, ठराव कुठं आहे? अध्यक्ष-सचिवाच्या सह्या कुठं? तिचं म्हणणं शंभर टक्के खरं असलं तरी ठरावाशिवाय तिला खिडकीवरूनच परत पाठवतात. दोन वर्षांपूर्वी आमच्याच एका गटात अध्यक्ष बदलली आणि जुनी अध्यक्ष नवीन ठराव होण्याआधी बँकेत जाऊन आली. त्यातून जो घोळ झाला तो निस्तरायला आम्हाला चार महिने लागले. तेव्हा मला हे कलमाचं प्रकरण फार लवकर समजलं.

सप्टेंबरमध्ये सुरक्षा समिती पॅरिसला बसत होती. हैदराबादचं शिष्टमंडळ मोईन नवाज जंग यांच्या नेतृत्वाखाली तिथं पोचलं. पण १३ सप्टेंबरला भारतीय फौज सोलापूर, विजयवाडा अशा बाजूंनी हैदराबादच्या हद्दीत शिरली होती. १६ सप्टेंबरला समितीत प्रश्न आला तो आधी इतकाच, की हा विषय कामकाजात घ्यायचा की नाही. आठ मतं बाजूनं पडली, विरोधात एकही नाही. रशिया, युक्रेन आणि चीन तटस्थ राहिले. शिष्टमंडळाला वाटलं असेल, जिंकलो. दुसऱ्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामानं लढाई थांबवत असल्याचं जाहीर केलं. १८ तारखेला त्यांचे सेनापती एल एद्रूस यांनी जनरल चौधरी यांच्यापुढे शरणागती दिली. आणि २२ तारखेला खुद्द निजामाची तार पॅरिसला गेली की तक्रार मागे घेतो, हे शिष्टमंडळ आता माझ्या वतीनं बोलत नाही.

आता बघा गंमत. शिष्टमंडळ म्हणू लागलं की निजामावर दडपण आहे, तार खरी मानू नका. समितीपुढे पेच पडला. ज्याच्या नावानं आलात तोच म्हणतो हे माझे नाहीत. मग तुम्ही कोणाचे? पुढे १९४९ च्या मे महिन्यात पाकिस्ताननं हा विषय पुन्हा काढला, चर्चा झाली, ठराव काहीच झाला नाही. पण "हैदराबादचा प्रश्न" समितीच्या विषयांच्या यादीत नावापुरता कितीतरी दशकं पडून राहिला. न मिटलेल्या खात्यासारखा.

माझं मत विचाराल, तर या सगळ्यात सर्वांत मोठी उणीव कलमाची नव्हती. पॅरिसला गेलेल्यांच्या हातात राज्यातल्या लोकांचा ठरावच नव्हता. परभणीच्या शेतकऱ्याला, वरंगळच्या विणकराला कोणी विचारलं नव्हतं की तुझं काय म्हणणं आहे. आणि जे आपल्याला खुपायला हवं ते हे, की शंभर वर्षं "वऱ्हाड कोणाचं" यावर हैदराबाद, कलकत्ता, लंडन अशा तीन ठिकाणी वाद चालला, त्यात आकोटच्या, अमरावतीच्या माणसाला एकदाही कोणी विचारलं नाही. बायांचं तर सोडाच.

पण दिल्लीच्या बाजूलाही विचारायला हवा असा एक प्रश्न उरतो. फौजा गेल्यानंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या भागांत मुसलमान वस्त्यांवर मोठे हल्ले झाले. नेहरूंनीच पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. मेलेल्यांचा आकडा २७ हजार ते ४० हजारांच्या दरम्यान असावा, असा त्या समितीचा अंदाज होता. तो अहवाल अनेक वर्षं सरकारनं प्रसिद्धच केला नाही. रझाकारांचे अत्याचार आपण १७ सप्टेंबरला आठवतो, ते आठवायलाच हवेत. पण बाहेरचं कोणी बघायला नसलं की आतल्यांचं काय होतं, तेही याच गोष्टीत आहे. म्हणून मला आमच्या गटातल्या दुसऱ्या बाईचा प्रश्न फेकून देता येत नाही.

परदेशी मदत मिळते तरी कधी? १९७१ चं उदाहरण तुमच्यातल्या मोठ्या बायांना आठवत असेल. पूर्व पाकिस्तानातल्या बंगाली पुढाऱ्यांनी हंगामी सरकार स्थापलं आणि देशोदेशी वकील पाठवले. त्यांच्या हातात मात्र ठराव होता. १९७० च्या निवडणुकीत पूर्वेकडच्या १६२ जागांपैकी १६० त्यांनी जिंकल्या होत्या. वर सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते, म्हणजे शेजाऱ्याच्या घरातच आग लागली होती. तरीसुद्धा डिसेंबरात राष्ट्रसंघाच्या आमसभेत १०४ देशांनी युद्ध थांबवा म्हणून मत दिलं आणि विरोधात फक्त ११ होते. म्हणजे एवढं बळ असूनही जग त्यांच्यामागे उभं राहिलं असं नाही. आणि ज्यानं साथ दिली त्या प्रत्येकाचा स्वतःचा हिशेब होता. भारताचाही होता. फुकट कोणी सावकार कर्ज देत नाही.

गोव्याचं उलटं घ्या. तिथं १९६१ साली राष्ट्रसंघात गेलं ते पोर्तुगालचं सरकार. ठराव जवळजवळ पासच होता, पण रशियानं नकाराधिकार वापरला. एका देशाच्या एका हातावर सगळं फिरलं.

आता एक फरक सांगते, कारण गावात दोन्ही गोष्टी एकाच तागडीत तोलल्या जातात. दुसऱ्या देशाला आपल्या भांडणात पाठीराखा म्हणून बोलावणं वेगळं. आणि आपल्या सरकारनं जगापुढे जे वचन दिलं ते पाळलं का, असं त्याच जगापुढे विचारणं वेगळं. बायांविरुद्धचा भेदभाव मिटवण्याचा आंतरराष्ट्रीय करार भारतानं १९९३ साली मान्य केला. त्याच्या समितीपुढे सरकार आपला अहवाल देतं आणि महिला संघटना स्वतःचा वेगळा अहवाल देतात. राजस्थानात साथिन म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवीवर बलात्कार झाला, त्यानंतर १९९७ साली विशाखा प्रकरणात सुप्रीम कोर्टानं याच कराराचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध नियम घालून दिले. तुमच्या-माझ्यासारखीच गावपातळीवरची कार्यकर्ती होती ती. यात कोणी परदेशी फौज बोलावली नव्हती.

वेगळ्या विदर्भाचंही तसंच. बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी यांच्यापासून ही मागणी आहे. १९५५ साली फाजल अली आयोगानं विदर्भ राज्य करा अशी शिफारसही केली होती. तुमचं मत काहीही असो, ती मागणी कायम दिल्लीपुढे आणि नागपूर-मुंबईपुढे झाली.

बैठकीत मी हे सगळं सांगितलं, तेव्हा ती वयस्क बाई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हनजे ओसरीवर जाची मनाई नाही, पन घरातल्या साऱ्याईनं मिळून पाठवलं पायजे." दुसरी म्हणाली, "आन् घरात तोंडच उघडू देत नसतीन तं?" त्यावर दोघींची चांगलीच जुंपली. चहा गार झाला.

माझी आजेसासू दसऱ्यानंतर आईबापासोबत नदी ओलांडून परत गेली. घराचं छप्पर जळालेलं होतं, पण दारातली चिंच उभी होती. शेजारचं पिंजाऱ्याचं घर रिकामं होतं. त्या घरातली तिच्याच वयाची मुलगी तिच्यासोबत सागरगोटे खेळायची. ते लोक कुठं गेले, हे गावात कोणी तिला सांगितलं नाही. पॅरिसला काय झालं ते तिला मी सांगितलं, ती ऐंशीच्या घरात असताना. ती म्हणाली, "त्याईनं आमचं नाव घेतलं व्हतं का तिथं?"